कृत्रिम घरटी: बेळगाव सीमाभागातल्या अभ्यासकांचे, शिक्षकांचे आणि शेतकऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

कृत्रिम घरटं म्हणजे नेमकं काय?

या नावाखाली दोन अगदी वेगळ्या गोष्टी येतात. पहिली म्हणजे पक्ष्यांनी वापरावी म्हणून टांगलेली पेटी, मडकं किंवा फळी. दुसरी म्हणजे संशोधनासाठी झुडपात बांधलेलं रिकामं घरटं. त्यात लाव्ह्याची किंवा मातीची अंडी ठेवतात आणि ती कोण खातं, किती दिवसांत खातं, हे पाहतात. पहिल्या प्रकारात पक्षी यायला हवा, दुसऱ्यात शिकारी. साहित्य, जागा, हंगाम, परवानगी, सगळंच बदलतं. म्हणून काम सुरू करण्याआधी आपल्याला यातलं कोणतं करायचं आहे ते कागदावर लिहा.

पेट्या लावल्या की पक्षी वाढतात का?

जागेची टंचाई असेल तरच. चिमणी, दयाळ, साळुंकी, पिंगळा (लहान घुबड), वल्गुली (इंग्रजीत टिट), पोपट हे पक्षी ढोलीत किंवा भिंतीच्या फटीत घरटं करतात. यातल्या बहुतेकांना स्वतः ढोली कोरता येत नाही. सुतार आणि तांबट यांनी कोरून सोडलेल्या ढोल्या, फांदी कुजून झालेली पोकळी, कौलांखालची सापट यांवर त्यांचं चालतं. बेळगाव, निपाणी, चिक्कोडीत कौलारू घरं जाऊन स्लॅब आले, तसतशी वाशांच्या टोकाची आणि कौलांखालची जागा गेली. तिथे पेटीने नक्की फरक पडतो. खानापूर तालुक्यात जांबोटी-कणकुंबीकडच्या रानात मात्र जुनी झाडं अजून उभी आहेत. तिथे पेट्या लावून फारसं काही साधत नाही. वठलेलं झाड न तोडणं हेच तिथलं खरं काम.

चिमणीच्या बाबतीत आणखी एक गोष्ट. मोठी चिमणी दाणे खाते, पण पिलांना पहिले काही दिवस अळ्या आणि किडेच लागतात. सगळीकडे फरशी आणि पेव्हर घातलेल्या, कुंपणाला एकही झुडूप नसलेल्या अंगणात पेटी लावली तर चिमणी अंडी घालेल आणि पिलं उपाशी मरतील. पेटीपासून पन्नास-साठ मीटरवर मेंदी, जास्वंद, बोर, परसातला भाजीचा वाफा यांपैकी काहीतरी असावं.

चिमणीची पेटी घरी कशी बनवायची?

सहा इंच रुंद, चार फूट लांब आणि १५ मिलिमीटर जाडीची एक फळी लागते. छप्पर वेगळ्या तुकड्याचं करा. पॅकिंगच्या खोक्यांची पाइनची फळी चालते, पण औषध मारलेली किंवा रॉकेलचा वास येणारी घेऊ नका.

फळीतून असे तुकडे कापा: पाठ ३२ सेंटिमीटर, पुढची बाजू २० सेंटिमीटर, दोन बगला (प्रत्येक मागे २५ आणि पुढे २० सेंटिमीटर उंच, म्हणजे वरून तिरक्या) आणि तळासाठी १२ × १५ सेंटिमीटरचा तुकडा. बगलांचे दोन तिरके तुकडे उलटसुलट मांडून कापले की दोन्ही मिळून ४५ सेंटिमीटरमध्ये बसतात. बगला पुढच्या आणि मागच्या फळीच्या मध्ये घ्या, म्हणजे आत १२ × १५ सेंटिमीटर जागा मिळते. छप्पर २० × २२ सेंटिमीटर. ते पुढे निदान चार सेंटिमीटर बाहेर आलंच पाहिजे.

तोंडाचं भोक ३२ मिलिमीटरचं. सुताराकडे सव्वा इंची होल-सॉ असतोच. भोकाचा मध्य तळापासून १५ सेंटिमीटरवर घ्या. भोक खाली घेतलं तर पिलं लवकर बाहेर डोकावतात आणि मांजराचा पंजाही आत पोचतो. भोकाच्या आतल्या बाजूची फळी रंधून गुळगुळीत करू नका. करवतीने आडव्या चिरा पाडा, त्यांना धरून पिलं वर चढतात. तळाला चार कोपऱ्यांत ६ मिलिमीटरची भोकं, बगलांना छपराखाली दोन-दोन. एक बगल वर दोन खिळ्यांवर फिरती ठेवा आणि खाली आकडा लावा, म्हणजे साफसफाईला उघडता येते. बाकी सगळीकडे खिळ्यांऐवजी ३५ ते ४० मिलिमीटरचे स्क्रू वापरा. एका पावसाळ्यानंतर खिळे ढिले होतात.

भोकाखाली बसायला काठी लावू नका. चिमणीला ती लागत नाही. कावळ्याला मात्र तिच्यावर बसून आत चोच घालता येते.

मडक्याची पेटी चालेल का? पत्र्याचा डबा, पीव्हीसी पाईप?

मडकं चांगलं. भाजलेल्या मातीत उष्णता हळू चढते आणि आतली दमट हवाही झिरपून जाते. खानापूरकडे कुंभारकाम चालतंच, सांगून करून घेता येतं. एक बारकावा मात्र कुंभाराला आधी सांगा. माती वाळताना आणि भाजताना आकसते, साधारण आठ ते दहा टक्के. ओल्या मडक्यात ३२ मिलिमीटरचं भोक पाडलं तर भट्टीतून २९ चं निघतं आणि चिमणीला ते अडतं. ओल्यात ३५ ते ३६ मिलिमीटर पाडायला सांगा. तळाला दोन भोकं हवीत, आणि मडकं सुतळीने लोंबकळतं न ठेवता भिंतीला तारेच्या कड्यात घट्ट बसवा. हलणारं घरटं चिमणी सहसा घेत नाही.

पत्रा आणि पीव्हीसी नको. एप्रिल-मेच्या दुपारी गोकाक, रायबाग, अथणीकडे उन्हात टांगलेल्या डब्याची भट्टी होते आणि आत पिसं न फुटलेली पिलं मरतात. मिठाईच्या पुठ्ठ्याच्या खोक्याला पहिल्या वळवात बुरशी येते.

तोंड कोणत्या दिशेला, किती उंचीवर?

आपल्याकडे पावसाचा मारा नैऋत्येकडून आणि पश्चिमेकडून, दुपारचं कडक ऊनही पश्चिमेचंच. त्यामुळे तोंड पूर्वेला किंवा ईशान्येला. चिमणीसाठी अडीच ते तीन मीटर उंची, वळचणीखाली, जिना किंवा गॅलरीच्या कठड्यापासून दूर. पंख्याजवळ कधीच नको. चिमण्या जवळजवळ राहतात, म्हणून तीन-चार पेट्या अर्ध्या मीटरच्या अंतराने लावल्या तर बऱ्या. दयाळ आणि पिंगळा यांचं उलट: त्यांची हद्द असते, एका परड्यात एकच पेटी पुरे.

इतर पक्ष्यांसाठी मापं काय?

भोकाच्या मापावरच पेटी कोणाची ते ठरतं, कारण मोठ्या पक्ष्याला अडवायचं असतं. वल्गुलीला २८ मिलिमीटर. दयाळाला ५० मिलिमीटर, तळ १५ × १५. साळुंकीला ६० मिलिमीटर, तळ १८ × १८. पिंगळ्याला ७५ ते ८० मिलिमीटर, तळ २० × २०, उंची ३५ ते ४० सेंटिमीटर. चिमणीची पेटी ४५ मिलिमीटरच्या भोकाने केली तर पहिल्याच हंगामात तिच्यापेक्षा मोठा पक्षी ती बळकावायला बघतो. पेट्या घेतल्या जात नाहीत किंवा भलताच पक्षी येतो, अशी तक्रार बहुधा भोकाच्या मापाचीच असते.

सुगरणीला पेटी लागत नाही. तिला हवं विहिरीवर झुकलेलं बाभळीचं किंवा शिंदीचं झाड, आणि विणायला लांब पात्याचं गवत. बाजारात विकायला येणारी सुगरणीची घरटी विकत घेऊन टांगू नका. त्या खरेदीमुळेच ती झाडावरून उतरवली जातात.

पेटी कधी लावायची?

२० मार्चला, जागतिक चिमणी दिनी, शाळाशाळांतून पेट्या वाटल्या जातात. त्या वेळी आपल्याकडच्या चिमण्यांनी जागा धरलेल्या असतात. पेटी दिवाळीनंतर, फार तर संक्रांतीपर्यंत लागलेली असावी. नव्या लाकडाचा वास जायला आणि पक्ष्यांना ती ओळखीची व्हायला वेळ लागतो. पहिल्या वर्षी रिकामी राहिली तर काढू नका. दोन हंगाम थांबून मग जागा बदला.

उसात उंदीर फार आहेत. घुबडाची पेटी लावली तर उपयोग होईल?

होतो, पण अटी आहेत. गव्हाणी घुबड मुख्यतः उंदरांवर जगतं. मलेशियात पामतेलाच्या मळ्यांत आणि इस्रायलमध्ये १९८० च्या दशकापासून शेतात अशा पेट्या वापरतात. एका जोडीला चार ते सात पिलं होऊ शकतात. अंडी उबवायला महिना आणि पिलं उडायला आणखी दोन महिने, म्हणजे इतका काळ आई-बाप रोज रात्री उंदीर आणत राहतात. आपल्याकडे गळीत हंगामात ऊस तुटत जातो तसे उंदीर उघड्यावर येतात. पेटी पाऊस संपता संपता, नवरात्र ते दिवाळीदरम्यान उभी राहिली तर हा काळ साधतो.

पेटी १२ मिलिमीटरच्या वॉटरप्रूफ प्लायवूडची: लांबी ६०, रुंदी ४०, उंची ५० सेंटिमीटर. भोक १३ × १३ सेंटिमीटर, लांब बाजूच्या एका टोकाला, आणि भोकाची खालची कड तळापासून निदान ३२ सेंटिमीटर वर. ही खोली महत्त्वाची आहे. भोक खाली असलं की तीन आठवड्यांची पिलं धक्काबुक्कीत बाहेर पडतात, आणि जमिनीवर पडलेल्या पिलाला आई-बाप बहुधा भरवत नाहीत. तळाला रंध्याचा भुसा दोन-तीन सेंटिमीटर पसरा. करवतीची बारीक पूड नको, ती श्वासात जाते.

खांबाला तीन इंची जीआय पाईप घ्या. तो वीस फुटी मिळतो. ९० सेंटिमीटर जमिनीत गेला तरी पाच मीटर वर राहतो. तयार ऊस तीन मीटरवर जातो, त्याच्या वर तोंड मोकळं राहायला एवढी उंची लागते. काळ्या जमिनीत नुसता खड्डा काढून पाईप पुरला तर माती पावसात फुगते, उन्हात भेगाळते आणि खांब कलतो. खड्ड्यात मुरूम ठोकून वर काँक्रीट करा. मांजर आणि मुंगूस चढू नये म्हणून पाईपला दीड-दोन मीटरवर पत्र्याचं उलटं नरसाळं लावा, कमीत कमी ४५ सेंटिमीटर रुंदीचं. जागा बांधावर किंवा विहिरीजवळ, ट्रॉलीच्या वाटेपासून आणि हेस्कॉमच्या विजेच्या तारांपासून लांब. पाचट जाळणार असाल त्या फडात पेटी नको.

आता सगळ्यात महत्त्वाची अट: पेटी लावली त्या शिवारात ब्रोमॅडिओलोनचे खडे टाकू नका. हे विष उंदराला लगेच मारत नाही. तो दोन-चार दिवस सुस्त होऊन उघड्यावर फिरतो, घुबड नेमका तोच उचलतं, आणि विष घुबडाच्या आणि पिलांच्या पोटात जातं. शेजारच्या मळ्यात विष पडत असेल तर आधी शेजाऱ्याशी बोला. तो ऐकत नसेल तर पेटी लावू नका, साधे इंग्रजी टी आकाराचे पक्षीथांबे लावा.

घुबड अपशकुनी ही समजूत गावोगाव आहे, आणि अमावास्येच्या करणीसाठी घुबडं पकडणारेही आहेत. भावकीला, आजूबाजूच्या घरांना आधी सांगा. पेटीचं ठिकाण फोटोसह समाजमाध्यमांवर टाकू नका.

धनेशासाठी मोठ्या पेट्या करता येतील का?

थायलंडमध्ये आणि सिंगापूरमध्ये धनेशांनी कृत्रिम ढोल्या वापरल्या आहेत. पण धनेशाची मादी ढोलीत स्वतःला लिंपून घेते आणि अनेक आठवडे आतच राहते, तेवढा काळ नर तिला फळं आणून भरवतो. आतलं तापमान, तोंडाच्या फटीची रुंदी, लिंपण धरेल असा पृष्ठभाग, यातलं एक जरी चुकलं तरी सगळं जातं. शेजारच्या दांडेलीत काळी नदीकाठी २०११ मध्ये धनेशांसाठी राखीव क्षेत्र जाहीर झालं. तो पट्टा आणि भीमगडचं रान हे आपलं भांडवल. हौशी मंडळींनी इथे पेट्या चढवण्यापेक्षा वड, उंबर, नांद्रुक आणि मोठ्या ढोलीची झाडं नोंदवून त्यांची यादी वनखात्याला द्यावी. ढोलीचा तळ कुजून खोल गेला असेल, तर तो भरून घेण्याचं काम जाणकारांनी, वनखात्याला सोबत घेऊन करावं.

संशोधनासाठी अंडी ठेवलेलं घरटं कशासाठी?

समजा, काजूच्या बागेत आणि लगतच्या जंगलात बुलबुलांची घरटी कुठे जास्त लुटली जातात, हे पाहायचं आहे. खरी घरटी शोधायला महिने जातात, दोन्हीकडे सारखी सापडत नाहीत, आणि आपल्या जाण्या-येण्याने त्यांनाच धोका वाढतो. अशा वेळी दोन्हीकडे एकसारखी घरटी एकाच दिवशी ठेवता येतात.

यातून खऱ्या घरट्यांचा यशाचा आकडा मात्र मिळत नाही. कृत्रिम घरट्याला हाकलायला आई-बाप नाहीत, येणं-जाणं नाही, पिलांचा आवाज नाही. कुठे जास्त, कुठे कमी, एवढंच तुलनेने म्हणता येतं. शोधनिबंधात किंवा शाळेच्या प्रकल्पात ‘इथल्या बुलबुलांची इतके टक्के घरटी नष्ट होतात’ असं वाक्य या प्रयोगावरून लिहू नये.

त्याची कृती सांगा.

नारळाच्या काथ्याची वाटी करा, बाहेरून नऊ-दहा सेंटिमीटर रुंद, पाच सेंटिमीटर खोल. आत वाळकं गवत. वाट्या आठवडाभर बाहेर उन्हावाऱ्यात ठेवा, म्हणजे हाताचा आणि दुकानाचा वास जातो. रबरी हातमोजे आणि गमबूट घालूनच ठेवायला जा. उंची सगळीकडे सारखी, समजा एक ते दीड मीटर. बारीक बांधायच्या तारेने फांदीला पक्कं करा. दोन घरट्यांत निदान ५० मीटर, जमल्यास १०० मीटर अंतर. दाट ठेवली तर टकाचोर किंवा मुंगूस एक सापडल्यावर रांगेने सगळी शोधतो आणि तीस घरट्यांची नोंद प्रत्यक्षात एकाच प्राण्याची होते. खुणेची रिबन घरट्याजवळ बांधू नका. कावळे आणि माकडं रिबन शिकतात. जीपीएस नोंद घ्या, किंवा ठरलेल्या दिशेला दहा पावलांवर खूण करा.

प्रत्येक घरट्यात एक जपानी लाव्ह्याचं अंडं आणि एक प्लॅस्टिसिनचं, म्हणजे मुलं खेळतात त्या न वाळणाऱ्या मऊ मातीचं. लाव्ह्याचं अंडं साधारण ३३ × २५ मिलिमीटर, कवच जाड; लहान उंदराला ते फोडता येत नाही. नुसतं तेच वापरलं तर उंदीर हिशोबातून निसटतात. प्लॅस्टिसिनवर दात आणि चोच उमटते: उंदराच्या दोन समांतर बारीक चरा, कावळ्याचा त्रिकोणी खड्डा, मुंगसाच्या सुळ्यांची टोकदार भोकं. मातीचं अंडं दोऱ्याने वाटीला बांधा, नाहीतर शिकारी ते घेऊनच जातो आणि पुरावा गेला. प्लॅस्टिसिनचा वास उंदरांना ओढतो, म्हणून उंदरांचा आकडा थोडा फुगतो, हे लक्षात ठेवा. सापांचं उलट, धामण इथे येते, पण अशा थंड, निर्जीव अंड्यांकडे क्वचितच वळते. साप या प्रयोगात नेहमीच कमी दिसतात.

एका प्रकारच्या जागेत निदान ३० घरटी. मुदत १४ दिवस, म्हणजे बुलबुलाचं अंडं उबवायला लागतो जवळपास तेवढा काळ. तिसऱ्या, सातव्या, दहाव्या आणि चौदाव्या दिवशी तपासा, दर वेळी वेगळ्या वाटेने. कॅमेरा ट्रॅप (हालचाल झाली की आपोआप फोटो काढणारा कॅमेरा) लावायचा तर दोन-तीन मीटरवर, आणि निम्म्याच घरट्यांना. कॅमेऱ्यामुळेच शिकारी येतात की टाळतात, ते त्यातून कळतं. प्रयोग संपल्यावर उरलेली अंडी, दोरे, तारा सगळं परत आणा. पोल्ट्रीची अंडी रानात सोडणं म्हणजे रोगाला वाट देणं.

हिशोब कसा मांडायचा?

तीस घरट्यांतली १४ टिकली, १२ खाल्ली गेली, ४ वाऱ्याने पडली असं धरा. पडलेली चार यश किंवा अपयश कशातच धरू नका, पण ती उभी होती ते दिवस मोजा. टिकलेल्यांचे १४ × १४ = १९६, पडलेल्यांचे समजा ३२, खाल्लेल्यांचे ७२; एकूण ३०० घरटे-दिवस. रोजचं नुकसान १२ ÷ ३०० = ०.०४, म्हणजे एक दिवस टिकण्याची शक्यता ०.९६. ती चौदा वेळा गुणली की ०.५६. अमेरिकी पक्षीअभ्यासक मेफील्ड यांनी १९६१ मध्ये मांडलेली पद्धत ती हीच. दोन भेटींमध्ये नेमकं कधी खाल्लं ते ठाऊक नसतं, म्हणून मधला दिवस धरतात.

परवानगी लागते का?

स्वतःच्या घराला किंवा मळ्यात पेटी लावायला नाही. पण १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात जंगली पक्ष्यांची अंडी किंवा घरटी यांना त्रास देणं ‘शिकार’ या व्याख्येतच येतं. पेटीत पक्षी आला की ते त्याचं घरटं झालं. ते काढणं, हलवणं, अंडी हाताळणं चालत नाही. वनजमिनीवर काहीही लावायचं तर आधी आरएफओ (वनक्षेत्रपाल) साहेबांना भेटा. भीमगड किंवा घटप्रभा अभयारण्यात संशोधनासाठी मुख्य वन्यजीव रक्षकांची लेखी परवानगी हवी. त्यांचं कार्यालय बेंगळुरूत, मल्लेश्वरमच्या अरण्य भवनात आहे. अर्ज कन्नडमध्ये किंवा इंग्रजीत करा, सोबत नकाशा, घरट्यांची संख्या, मुदत आणि साहित्य परत आणण्याची हमी जोडा. काम ठरलं की अर्ज लगेच टाका. हंगाम परवानगीसाठी थांबत नाही.

पेटीत पक्ष्याऐवजी भलतंच काही आलं तर?

सातेरी मधमाश्या आल्या तर राहू द्या आणि दुसरी पेटी लावा. गांधीलमाशीचं पोळं सुरुवातीला सुपारीएवढं असतं, तेव्हाच काडीने काढा. मोठं झालं की हात घालू नका. मुंग्या चढत असतील तर टांगायच्या तारेला ग्रीस लावा, पेटीला नको, ते पिसांना चिकटतं. साप दिसला तर पेटी उघडू नका. तो पोट भरलं की जातो.

किती वेळा उघडून पाहायचं?

आठ-दहा दिवसांतून एकदा, एक मिनिटभर. पावसात, भल्या सकाळी आणि तिन्हीसांजेला नाही. आधी पेटीवर हलकेच टकटक करा, मादी बाहेर पडू द्या. पाइपलाइन तपासायचा मोबाईलला जोडणारा बारीक कॅमेरा मिळतो, तो भोकातून घातला की पेटी उघडावीच लागत नाही. चिमणीची पिलं चौदा ते सोळा दिवसांत उडतात. बाराव्या दिवसानंतर पेटीला हात लावू नका. घाबरून ती अर्धवट पंखांनी उडी मारतात.

वहीत पेटीचा क्रमांक, तारीख, वेळ, अंडी, पिलं, आणि काहीच नसेल तर ‘रिकामी’ असं लिहा. रिकामीची नोंदही तेवढीच मोलाची. ती नसेल तर किती पेट्यांपैकी किती वापरल्या गेल्या ते सांगताच येत नाही. पक्ष्याची नोंद ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर योग्य ब्रीडिंग कोडसह (वीण कोणत्या टप्प्यात आहे ते सांगणारी खूण) टाकता येते.

पिलं उडून गेल्यावर तोंडाला फडकं बांधून जुनं गवत काढा, उकळतं पाणी ओता, दिवसभर उन्हात उघडी ठेवा. कीटकनाशक किंवा फिनेल नको. पाऊस सुरू होण्याआधी स्क्रू, आकडा आणि छपराची सांध तपासा. सांध उघडी पडली असेल तर सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी ठोकून ती बंद करा.